वाडे लाकडामुळे पडत नाहीत, भाऊजी

भाचीचा आर्किटेक्चरचा थिसिस चालू आहे: जुन्या नाशकात, सराफ बाजाराजवळ, महापालिकेचं विभागीय कार्यालय, लाकडी सांगाड्याचं. परवा भाऊजींनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज पाठवला, ‘लाकडी सरकारी इमारत म्हणजे चिता’. खाली स्वतःची ओळ: ‘अजून वेळ आहे, विषय बदल.’ पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देत बसण्याइतका रिकामा मी नाही.

म्हणे, दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे कोसळतात, म्हणजे लाकूड टिकत नाही. इथंच डोकं फिरलं. आमचा वाडा उतरवला तेव्हा मी समोर उभा होतो. तुळई खाली आली. मधला भाग कापताना सुताराला घाम फुटला आणि भिंतीत गेलेली टोकं मात्र नखानं खरवडली तरी भुसा. वर कौलं फुटलेली, पाणी भिंतीत मुरायचं आणि आत अडकलेल्या टोकांना वारा म्हणून नाही. कौलं का बदलली नाहीत? सात वारस, तीन भाडेकरू आणि कोर्टात केस. खर्च कुणी करायचा यातच वीस वर्षं गेली. खांब ठणठणीत निघाले, कारण ते दगडी तळखड्यावर होते, जमिनीला टेकलेच नव्हते. वाळवीचंही तेच. ओल तोडा. शिवाय सागाचा पक्का गाभा ती सहसा खात नाही, बाहेरचा पांढरट भाग खाते.

आग. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, खरंय. फळ्या आणि कडीपाट भराभर पेटतात, तेही मान्य. पण जाड खांबावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतलं लाकूड झाकतो. युरोकोड ५, म्हणजे लाकडी बांधकामाच्या युरोपीय मानकात, मऊ लाकडाचा कोळसा होण्याचा वेग मिनिटाला ०.६५ मिलिमीटर धरलाय, म्हणजे तासाला जेमतेम ४ सेंटिमीटर. भाचीचा खांब ४० सेंटिमीटरचा. चारही बाजूंनी तासभर जळला तरी आत ३२ उरतो आणि भाराचा हिशेब तिनं त्या ३२ वरच केलाय. उघडं लोखंड ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद घालवतं, त्याला कुणी चिता म्हणत नाही. तरी जिना काँक्रीटचाच ठेव, हे मीच तिला सांगितलं.

‘सरकारची लाकडावर बंदी आहे.’ होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची, १९९३ पासून. २०२० मध्ये उठली. ‘परदेशी फॅड’ म्हणे! नाशकातला पेशवेकालीन सरकारवाडा, त्याचे लाकडी खांब, काय जहाजातून आणले?

एक मुद्दा मात्र नाइलाजानं मान्य: गोदावरीचा पूर. सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागतं तेव्हा सराफ बाजारातली शटरं पाण्यात असतात. तिथं तळमजल्याला लाकूड वापरणं मूर्खपणाच, आणि तिच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये ते होतं. आता खालचा मजला काळ्या दगडात, रेकॉर्ड रूम वर. भाऊजी, एवढी दुरुस्ती तुमच्या नावावर. बाकीचा मेसेज डिलीट करा आणि पोरीला फोन करा.