काठी दुखऱ्या बाजूला धरू नका

चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे एक मेसेज फिरू लागतो: “चालताना वजन दोन्ही खुब्यांवर निम्मं-निम्मं पडतं. खुबा दुखत असेल तर त्याच हातात काठी धरा. प्रत्येक पावलाला खुबा झिजतो, म्हणून चालणं सोडा. हे दुखणं म्हातारपणाचंच.” चारही वाक्यं चुकीची आहेत.

निम्मं-निम्मं वजन दोन्ही पायांवर सरळ उभं असताना. एक पाऊल उचललं की भार एकाच खुब्यावर येतो आणि धड उचललेल्या पायाकडे कलू पाहतं. टेकलेल्या बाजूच्या कुल्ह्याचा स्नायू ते ओढून धरतो. तो सांध्याच्या अगदी जवळ आहे, शरीराचा मध्य मात्र दुपटीहून लांब. त्यामुळे त्याला तितकाच जास्त जोर लावावा लागतो. वजन आणि हा जोर, दोन्ही सांध्यावरच दाबतात. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर साध्या चालीत सुमारे १५० किलोंचा भार येतो. कृत्रिम खुब्यात मोजयंत्र बसवून घेतलेले आकडेही अडीच पटीच्या आसपासचेच आहेत.

काठीचं उत्तर यातच आहे. धोंडा उलथताना आपण पहार लांबच्या टोकाला धरतो. उजवा खुबा दुखत असेल तर डाव्या हातातली काठी त्याच्यापासून लांब टेकते, म्हणून तिथला १ किलोचा दाब स्नायूची कित्येक किलोंची ओढ वाचवतो. दुखऱ्या बाजूला धरलेल्या काठीला हा फायदा जवळजवळ मिळत नाही. माणूस दुखऱ्या बाजूला झुकून चालतो, म्हणून आधारही तिकडेच हवा असं बघणाऱ्याला वाटतं. आमच्या गल्लीतले जिभाऊ वर्षभर तशीच काठी धरत होते. हात बदलायला लावला तेव्हा दोन दिवस अवघडले, मग चाल सुधारली. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी टेकायचे, एवढंच शिकावं लागतं. पिशवीचं मात्र उलटं: न्यायचीच असेल तर ती दुखऱ्या बाजूच्या हातात.

झिजेचं म्हणाल तर खुबा म्हणजे टायर नव्हे. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणं-सुटणं यानेच तिला सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं. पडल्यावर पाय टेकवत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थेट दवाखाना.

आणि म्हातारपण? नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून विशीतल्या पोराचाही खुबा जाऊ शकतो. दुखणं जांघेत, कधी नुसतं गुडघ्यातच जाणवतं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये ते दिसतं. अशा पोराला “तुझं वय काय, दुखतंय काय” म्हणून घरी बसवू नका.