टॅमॉक्सिफेनच्या जोडीला लेट्रोझोल?

ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटसाठी म्हणून एक मजकूर फिरतोय : ‘टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनला पेशीवर काम करू देत नाही, लेट्रोझोल ते बनूच देत नाही. दोन्ही घ्या, कॅन्सरची दोन्ही दारं बंद. कुठल्याही वयात चालतं. हार्मोनच्याच तर गोळ्या, किमो थोडीच आहे!’

‘दोन्ही दारं बंद.’ हे डॉक्टरांनाही पटलं होतं, म्हणून तर तपासून पाहिलं. ‘एटॅक’ चाचणीत पाळी गेलेल्या ९,३६६ बायकांचे तीन गट केले : टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलचंच भावंड अ‍ॅनास्ट्रोझोल, आणि दोन्ही एकत्र. एकटं अ‍ॅनास्ट्रोझोल सरस ठरलं. जोडी मात्र टॅमॉक्सिफेनच्या पुढे गेली नाही आणि तो गट बंद झाला. म्हणजे चांगलं औषध संगतीने बिघडलं! टॅमॉक्सिफेन स्वतःही थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं. खरं इस्ट्रोजेन संपलं की हा गुण डोकं वर काढत असावा, असं मानतात. शिवाय त्याच्यामुळे लेट्रोझोलचं रक्तातलं प्रमाणही एक तृतीयांशाहून जास्त घटतं.

‘कुठल्याही वयात.’ हे सगळ्यात घातक. पाळी चालू असताना लेट्रोझोल दिलं की इस्ट्रोजेन घटल्याची खबर मेंदूला लागते आणि तो अंडाशयाला जुंपतो. मूल होत नसेल तर बीज फुटावं म्हणून हीच गोळी देतात. किमोनंतर थांबलेली पाळी परतू शकते, दिवसही राहू शकतात.

मग जोड्या नसतातच का? असतात. गोसेरेलिनच्या इंजेक्शनने अंडाशय शांत करून वर लेट्रोझोल देतात. तिथे दोघांची कामं वेगळी. टॅमॉक्सिफेन काही वर्षं, मग लेट्रोझोल, असंही असतं. पण एकामागून एक. गोळी बदलली की कपाटातली जुनी स्ट्रिप बाजूला काढा, नाहीतर दोन्ही पोटात जातात.

‘हार्मोनच्याच गोळ्या.’ टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, पाळी गेल्यावर गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. लेट्रोझोल हाडं ठिसूळ करतं. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर टॅमॉक्सिफेनमुळे रक्तस्राव होऊ शकतो. आणि जी गोळी कुणी सांगत नाही ती नैराश्याची. पॅरोक्झेटीन, फ्लुओक्झेटीन यकृतातलं ते एन्झाइम अडवतात, ज्याने टॅमॉक्सिफेनचं खरं कामाचं रूप तयार होतं. अशी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना नाव सांगा. पर्यायी गोळ्या आहेत.