ऋ ऋषीतला, भ भटजीतला

"ऋतू मॅडम आहेत का? कुरियर आहे."

"बोलतोय."

"तुम्ही त्यांचे मिस्टर का?"

"नाही हो, मीच मॅडम. चौथा मजला, या वर."

पूर्वी मी खुलासा करायचो. ऋतू नाही, ऋभु. रुबू नाही. शंभूही नाही. मग पलीकडून "प्रभू?" आणि शेवटी "बरं, रघू, खाली या." हल्ली जे नाव येईल ते घेतो आणि पार्सल ताब्यात घेतो.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आमचे बाबा आहेत. वीज मंडळात दिवसभर बिलं तपासायची आणि संध्याकाळी संस्कृत वाचायचं, हा त्यांचा दिनक्रम. माझ्या जन्माच्या वेळी नेमकं त्यांचं ऋग्वेदाचं पहिलं मंडल चालू होतं आणि ते विसाव्या सूक्तापर्यंत पोचले होते. हे सूक्त ऋभूंचं. ऋभु, विभ्वन् आणि वाज हे तिघे भाऊ, सुधन्व्याची मुलं. मूळची माणसंच, पण हातात अशी कारागिरी की तेवढ्या बळावर त्यांना देवत्व मिळालं. देवांचा कारागीर त्वष्टा, त्याने घडवलेल्या एका चषकाचे त्यांनी चार केले. म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं. बाबा महिनाभर थांबून दुसऱ्या मंडलात गेले असते तर तिथल्या ऋषीच्या नावावरून मी गृत्समद झालो असतो, तेव्हा तक्रारीला मर्यादा आहेत. बाकी मला साधा बल्ब बदलता येत नाही, आणि आईवडिलांच्या वयावर मी काही परिणाम केलाच असेल तर तो उलट्या दिशेने.

बारशाला आत्याने नाव आठवडाभर घोकलं होतं म्हणे. पण "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" संपल्यावर पाळण्यात वाकून "कुर्र" करायच्या ऐन क्षणी पाठीत बायकांचे धपाटे सुरू झाले आणि त्या गडबडीत तिच्या तोंडून "प्रभू" निघून गेलं. म्हणजे कानात प्रभू आणि कागदावर ऋभु, अशी सुरुवात.

दोन वर्षांनी धाकटा भाऊ झाला तेव्हा बाबा 'विभ्वन्' घेऊन तयारच होते. आजीने विचारलं, "पोराला हाक मारायची की शिंकायचं?" त्याचं नाव अमोल ठेवलं. त्याच्या वर्गात चार अमोल होते आणि तो सुखात वाढला.

शाळेतली कथा जरा सविस्तर सांगायला हवी. पाचवीत निबंधाखाली मी नाव लिहिलं, 'ऋभु'. वही परत आली तेव्हा त्या 'भु'वर लाल गोल, बाजूला 'भू' आणि अर्धा गुण वजा. स्वतःचं नाव चुकल्याबद्दल गुण गमावलेला वर्गात मी एकटाच. दुसऱ्या दिवशी बाबा काखेत ग्रंथ घेऊन शाळेत हजर.

"बाई, हा शब्द वेदातला आहे. उकार ऱ्हस्व."

"वेदात असेल हो," मराठीच्या बाई म्हणाल्या, "वही मराठीची आहे. तत्सम असो नाहीतर व्यक्तिनाम, शेवटचा उकार दीर्घ. कवी, हरी, गुरू. 1962 पासूनचा नियम आहे."

बाबा हटेनात. शेवटी बाईंनीच वाट काढली. तत्सम शब्द समासात पहिला आला की त्याचा ऱ्हस्व कायम राहतो, कविमन, हरिकृपा, गुरुदक्षिणा. "तेव्हा 'ऋभुकृपा' लिहिलंत तर मी ऱ्हस्व चालवून घेईन." म्हणजे मी कुणाला चिकटून उभा राहिलो तर ऱ्हस्व आणि एकटा असलो की दीर्घ. एवढ्या चर्चेनंतरही अर्धा गुण मिळाला नाहीच. मी अजून ऱ्हस्वच लिहितो. त्या अर्ध्या गुणाचा राग आहे.

खरी गंमत इंग्रजीत. आपला ऋ तिकडे कुणी कसाही घेऊन जातो. ऋषी कपूर आर-आय लिहायचे, पुण्याचा ऋतुराज गायकवाड आर-यू लिहितो, आणि ऋतिक रोशन तर एचपासून सुरुवात करतो. फोनवर मी "ऋ ऋषीतला" म्हटलं की समोरचा आर-आय करतो, "ऋतूतला" म्हटलं की मॅडम करतो.

बाबांचा मुद्दा असा की ऋ हाच स्वर असल्यामुळे त्याला दुसऱ्या स्वराचा टेकू कशाला? त्यांनी शाळेच्या फॉर्मवर आर-बी-एच-यू लिहून आरखाली शास्त्रशुद्ध टिंब दिलं. कारकुनाला ते शाईचं वाटलं, त्याने ते खोडलं. उरलेली चार अक्षरं बघून इंग्रजीचे सर म्हणाले, "हे बनारस हिंदू विद्यापीठ आहे की मुलगा?" पुढे इंदूरला नोकरी लागली, तिथे सगळे 'रिभु' म्हणत, म्हणून पॅनवर आर-आय. पासपोर्टच्या वेळी मी हट्टाने मराठी उच्चारावर आलो, आर-यू. आधारला मुलगा चुणचुणीत होता, पण त्याने एच खाल्ला आणि संगणकाने शेजारी मराठीत 'रुबु' छापून दिलं. तपासून घ्या, असं तो म्हणाला होता. मी पत्ता तपासला.

(हॉटेलात नंबर लावताना मी 'अमोल' सांगतो. एकदा अमोल बरोबर होता. हाक आल्यावर दोघेही उठलो आणि दोघांनाही ते विचित्र वाटलं.)

मागच्या महिन्यात बँकेत काम निघालं. काउंटरवरच्या मॅडमनी चारही कागद ओळीने मांडले, पत्त्यांचा डाव मांडावा तसे, आणि म्हणाल्या, "ह्यातले तुम्ही कोण?" मग एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं.

कोर्टाबाहेर झाडाखाली एक टायपिस्ट काका बसतात. टेबलावर संगणक, कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर, अर्धे झिजलेले. त्यांनी चारही नावं वाचली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "चार भाऊ का?"

"तीन होते. वेदात. इथे मी एकटाच आहे."

ते वेदाच्या फंदात पडले नाहीत. 'रु' दाबून 'रुभू' उमटवलं. मी म्हटलं, "काका, रु नाही. ऋ. ऋषीतला." त्यांचं बोट कळफलकावर फिरत राहिलं, डावीकडून उजवीकडे, मग परत. अंकांच्या ओळीच्या अगदी टोकाला, बरोबरच्या चिन्हावर शिफ्ट धरून दाबल्यावर पडद्यावर तो उमटला. त्या कळीवरचा स्टिकर नवाकोरा होता. काकांनी तो पुसून पाहिला.

"हे बटण चालतं तर," ते म्हणाले, आणि खात्रीसाठी अजून दोनदा दाबलं. ऋऋऋ.

मग पुढचं भरभर झालं. मी ऋभु ऊर्फ अमुक ऊर्फ तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की वरील सर्व नावं माझीच. शेवटचा उकार काकांनी दीर्घ टाकला होता. मी बोट ठेवलं. ते म्हणाले, "साहेब, शेवटचा दीर्घच असतो. शाळेत शिकवलं नाही का?"

मी गप्प बसून सही केली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कागद दिला. मुलाने विचारलं, "किती काढू?"

बँकेला एक, आधारला एक, पॅनला एक, पासपोर्टला एक.

"एकाचे चार कर," मी म्हटलं.