पित्ताच्या गोळीने खोकला जात नाही? पुणेकरांना उत्तर

पुणेकर साहेब, तुम्ही लिहिलंय की "डॉक्टर नसताना खोकल्याला पित्ताची गोळी सांगून लोकांना भरकटवू नका, मी महिनाभर पँटोप्राझोल खाल्लं, काडीचा फरक नाही." राग पोचला, आणि त्यातला अर्धा मान्य.

माझा खोकला पित्ताचा निघाला म्हणून मी आधी लिहिताना सुरुवातच पित्ताच्या गोळीपासून केली, ते चुकलं. आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की आधी थुंकी तपासून टीबी नाही ना ते बघायचं, मग एक्स-रे, दमा, नाकातून घशात उतरणारा चिकटा, आणि बीपीची गोळीसुद्धा. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडी ढास लागते. माझ्या मावशीला तेच झालेलं, डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला गेला. (आपल्या मनाने बंद नका करू हां.)

आता पँटोप्राझोल. ही गोळी अ‍ॅसिड कमी करते, पोटातून वर येणारं अडवत नाही. घशाशी यायचं ते येतंच, फक्त आंबटपणा कमी. आणि अन्ननलिका खालच्या टोकाला नुसती चाळवली तरी व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस) खोकला सुटतो, घशापर्यंत काही यायलाच लागतं असं नाही. म्हणून तर अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये जळजळ वगैरे नसेल तर नुसत्या या गोळीवर विसंबू नका असंच आहे. म्हणजे तुमचा अनुभव खोटा नाहीये. बरं, घेत कधी होतात? मी शहाणा तीन आठवडे नाश्ता झाल्यावर घेत होतो, ती अर्धा तास आधी घ्यायची असते.

मला खरा फरक पडला तो जेवणाच्या वेळेने. लोकलने घरी येऊन साडेदहाला जेवायचं आणि अकराला आडवं, असं वर्षानुवर्षं चाललेलं, आता संध्याकाळचा डबा ऑफिसातच साडेसातला उघडतो, लोक हसतात, हसू देत. दुसरं म्हणजे पलंग. आधी दोन उशा घेऊन बघितलं पण त्याने कंबरेत दुमडून पोट दाबलं जातं, उलट जास्त त्रास. मग डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावून सहा इंच चढ केला. पहिल्या दिवशी सकाळी उठलो तर मी पायथ्याला आणि चादर माझ्याखाली गोळा होऊन, बायको म्हणाली बागेत जायला नको, घसरगुंडी घरीच आली.

महिन्याभरात मलाही काही वाटलं नव्हतं. दहावा-अकरावा आठवडा असेल, पाऊण तासाच्या कॉलमध्ये एकदाही म्यूट दाबलं नाही हे कॉल संपल्यावर लक्षात आलं. तीन महिन्यांनी पण ढास तशीच असेल तर २४ तासांच्या पीएच टेस्टबद्दल (अन्ननलिकेत अ‍ॅसिड किती येतं ते मोजतात) पोटाच्या डॉक्टरांना विचारा, आणि घास अडकणं, वजन उतरणं, थुंकीत रक्त यातलं काही असेल तर तेवढंही थांबू नका.

आणि हो, बीपीची गोळी चालू आहे का तुम्हाला? असेल तर पाकिटामागचं नाव बघून इथेच लिहा.