थ्री-डब्ल्यू पाळूनही क्रॉसटॉक का येतो: एका कॉमेंटला उत्तर

नमस्कार, कॉमेंट एवढी सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तरही जरा लांबच देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ८ मेगाहर्ट्झच्या सर्किट बोर्डवर क्रॉसटॉकचा (एका ट्रेसचा, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीचा, सिग्नल शेजारच्या ट्रेसमध्ये घुसणं) बाऊ करायची गरज नाही, थ्री-डब्ल्यू पाळला (दोन ट्रेसच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदीच्या तिप्पट अंतर) की झालं, फारच वाटलं तर मध्ये गार्ड ट्रेस (ग्राउंडला जोडलेला आडोशाचा ट्रेस) टाकावा, स्कोपवर दिसतात ते स्पाइक प्रोबचेच असतात, आणि मी फोर लेयर (तांब्याचे चार थर असलेला बोर्ड) सांगून पोरांचा खर्च वाढवतोय.

आधी ८ मेगाहर्ट्झचं बघू. क्लॉक किती आहे त्यावर क्रॉसटॉक ठरत नाही, सिग्नल ० वरून ३.३ व्होल्टला किती वेळात चढतो त्यावर ठरतो, कारण शेजारच्या ट्रेसमध्ये जे घुसतं ते व्होल्टेज आणि करंट बदलण्याच्या वेगामुळे घुसतं. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या पिनचा स्पीड कोडमध्ये 'व्हेरी हाय' ठेवला तर ती पिन सेकंदाला एकदा एलईडी ब्लिंक करत असली तरी एज (सिग्नलची चढ-उतार) काही नॅनोसेकंदांचीच येणार. आणि बळी पडणारी लाइन स्लो आहे म्हणून ती सुरक्षित, असंही नाही. आय-टू-सी (चिप्सना जोडणारी दोन तारांची स्लो बस) घ्या, १० किलोओहमचा पुल-अप (लाइन हाय ठेवणारा रेझिस्टर), लाइनची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड, म्हणजे टाइम कॉन्स्टंट ५०० नॅनोसेकंद, लाइन हाय असताना शेजारच्या पडत्या एजनं तिला खाली ओढलं तर ती सावकाशच वर येणार, आणि फास्ट मोडमधला इनपुट फिल्टर फक्त ५० नॅनोसेकंदांपर्यंतचे स्पाइक गाळतो.

आता थ्री-डब्ल्यू, खरा मुद्दा हाच. या नियमात ट्रेसची रुंदी आहे पण ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा सलग तांब्याचा थर) ट्रेसच्या किती खाली आहे ते कुठेच नाही, आणि सगळा खेळ तर त्याचाच आहे. ढोबळ अंदाजाला कपलिंगची वरची मर्यादा १ भागिले (१ + (अंतर/उंची) चा वर्ग) अशी धरतात, उंची म्हणजे ट्रेस प्लेनच्या किती वर आहे ते. ट्रेस ०.२ मिमीचा, थ्री-डब्ल्यूनं अंतर ०.६ मिमी. १.६ मिमीच्या टू लेयर बोर्डवर ग्राउंड साधारण १.५ मिमी खाली, उत्तर येतं ०.८६. तेच अंतर फोर लेयरवर, प्लेन ०.२ मिमी खाली, उत्तर ०.१. नियम दोन्हीकडे पाळलाय पण फरक आठपटीहून जास्त! टू लेयरवर ०.१ पाहिजे असेल तर ट्रेस एकमेकांपासून ४.५ मिमी दूर न्यावे लागतील, एवढी जागा कुणाकडे असते सांगा. प्लेन जवळ असला की रिटर्न करंट (ग्राउंडमधून परत येणारा करंट) आपापल्या ट्रेसखालीच राहतो, लांब असला की पसरतो आणि शेजाऱ्याच्या वाटेत येतो. त्यात खालचा ग्राउंड पोअर (टू लेयरवर रिकाम्या जागेत भरलेलं ग्राउंडचं तांबं) जंपर ट्रेसनी मध्येच कापलेला असेल तर आणखी वाईट, कारण त्या फटीला वळसा घालून सगळ्यांचे रिटर्न एकाच वाटेनं जातात.

गार्ड ट्रेसबद्दल मात्र टू लेयरपुरतं तुमचं बरोबर आहे, तिथे बाजूचा ग्राउंड खालच्या ग्राउंडपेक्षा जवळ असतो त्यामुळे फायदा होतो, पण दोन्ही टोकांना आणि मध्येमध्ये व्हिया (थर जोडणारी तांब्याची छिद्रं) टाकून तो खाली बांधायलाच पाहिजे, लोंबकळत सोडलेला गार्ड एका शेजाऱ्याचा नॉइज दुसऱ्याला पोचवतो. फोर लेयरवर त्याचा उपयोग फार थोडा.

खर्चाचं म्हणाल तर टू लेयरवरही निभावतं, मी नाही म्हणत नाही. पिनचा स्पीड लो करा, ड्रायव्हरच्या अगदी जवळ ३३ ओहमचा सिरीज रेझिस्टर टाका, समांतर धाव कमी ठेवा. एफआर-४ वर (बोर्डच्या नेहमीच्या मटेरियलवर) सिग्नल मिलीमीटरला साधारण ६ पिकोसेकंद घेतो, म्हणजे २ नॅनोसेकंदांच्या एजला जवळच्या टोकाचा (ड्रायव्हरच्या बाजूला दिसणारा) क्रॉसटॉक कमाल व्हायला सुमारे १६५ मिमी समांतर धाव लागते, ५० मिमीवर तो तिसऱ्या हिश्श्याच्याही आत राहतो. पण रिसेट आणि एन्कोडरच्या (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) लाइन पीडब्ल्यूएमला (सतत चालू-बंद होणाऱ्या पल्सच्या लाइनला) चिकटून नेऊ नका, हे मी कितीही वेळा सांगेन.

आणि प्रोबचा स्पाइक कसा ओळखायचा? लांब क्रोकोडाइल लीड काढून छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा, प्रोबचं टोक स्प्रिंग टेकते त्याच ग्राउंड पॅडवर टेकवा. स्पाइक तसाच दिसला तर प्रोबचा. तिथे गेला आणि लाइनवर परत आला, शेजारच्या चढत्या-उतरत्या एजबरोबर दिशा बदलत असला, आणि पिनचा स्पीड कमी केल्यावर बसला, तर तो तुमच्या लेआउटचाच. हे करून बघा आणि स्टॅकअपसकट (बोर्डच्या थरांच्या रचनेसकट) दोन्ही स्क्रीनशॉट इथेच टाका, मी नक्की बघतो.