दोन जुलैची परीक्षा

लेख आवडला, पण त्यातलं अमेरिकेबद्दलचं '१९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला वर्णभेद संपला' हे वाक्य काही पटलं नाही. त्या कायद्याचं नोकरीविषयीचं कलम २ जुलै १९६५ला लागू झालं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर या वीज कंपनीने काय केलं? त्याच दिवसापासून चांगल्या खात्यांत नव्याने लागायला दोन लेखी परीक्षा पास होण्याची अट घातली. योगायोग म्हणायचा!

तिथल्या वीजकेंद्रात काळे कामगार फक्त 'लेबर' खात्यात, म्हणजे झाडलोट वगैरे. त्या खात्यातला सर्वांत जास्त पगार इतर खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी. वर बढतीला हायस्कूल पासची अट होतीच. त्या राज्यात १९६०च्या जनगणनेनुसार हायस्कूल झालेले गोरे पुरुष ३४ टक्के, काळे १२ टक्के. आणि गंमत म्हणजे आधीपासून असलेले, हायस्कूल न झालेले गोरे त्याच खात्यांत व्यवस्थित काम करत होते.

१३ काळे कामगार कोर्टात गेले. १९७१मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कामाशी संबंध नसलेली अट एखाद्या समाजाला बाहेर ठेवत असेल तर ती चालणार नाही, मग कंपनीचा हेतू काहीही असो. सरन्यायाधीश बर्गर यांनी निकालपत्रात चक्क आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेल्या कोल्हा-करकोच्याच्या गोष्टीचा दाखला दिलाय. दूध दोघांपुढेही ठेवलं, पण भांडं कसलं होतं?

लेखात या खटल्यावर एक ओळ तरी हवी होती.