गोव्याचं लोणी, लिस्बनचं पॉलिश

गोव्यात निवडणुकीचं वारं सुटलं की मराठी मंडळींत एक सिद्धांत हमखास वर येतो. आपल्या भाषेत खुशामतीला इतके शब्द का? लोणी, मस्का, चमचा, हरभऱ्याचं झाड. उत्तरही ठरलेलं: साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांपुढे वाकलो, ती सवय जिभेला लागली, बाहेरच्या देशांत माणूस तोंडावर खरं बोलतो. लिस्बनमध्ये बसून हे वाचताना हातातला बीका, म्हणजे इथली कडक छोटी कॉफी, गार होतो.

एक तर तो आकडा. साडेचारशे वर्षं ती पणजीच्या आसपासच्या तिसवाडी तालुक्याची. फोंडा त्यांच्याकडे गेला १७६३ साली, पेडणे १७८८ साली. आणि नागपुरात कुठला पोर्तुगीज होता? तिथेही साहेबाला लोणीच लावतात. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, चावी दिली, पगार हा शब्दसुद्धा दिला. पण पगार वाढवून घ्यायला जे लागतं ते लोणी घरचं, आणि मस्का फारसीतून आलेला.

बाहेर खरं बोलतात म्हणणाऱ्यांनी इथला शब्द ऐकावा. खुशामत करणं म्हणजे इथे 'ग्राशा' देणं. ग्राशा म्हणजे बुटाचं पॉलिश. खुशामत्या तो 'एंग्राशादोर', आणि रस्त्यावर पेटी घेऊन बसणारा बूटपॉलिशवालाही एंग्राशादोरच. ज्यांच्यापुढे आपण वाकलो म्हणता, त्यांच्या भाषेत माणूस आणखी खाली, थेट पायापाशी बसलेला आहे. जर्मन लोक अशा माणसाला सायकलस्वार म्हणतात: वर पाठ वाकलेली, खाली पायांचा मारा चालू. हा शब्द आपल्याकडे नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॉलिशचंही तंत्र आहे. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढायची, मग मेणाचा अगदी पातळ हात, पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, पुन्हा ब्रश, शेवटी फडकं. घाईने जाड थर फासला तर चमक येत नाही, आणि बूट जिथे दुमडतो तिथे मेणाला तडे जातात. नवशिका खुशामत्या नेमका इथेच फसतो.

लोण्याचं गणित याहून नाजूक. घुसळताना ताक कोमट झालं की लोणी पातळ सुटतं, गोळा धरत नाही. म्हणून एप्रिल-मेच्या उकाड्यात बर्फाचे खडे टाकायचे. फार गार झालं तर कण कडक राहतात आणि रवी फिरवून हात भरून येतात. वर आलेला गोळा दोन-तीनदा गार पाण्यात धुवायचा, आत ताक राहिलं तर लवकर आंबतो. इतका खटाटोप झाल्यावर ते कुणाला तरी लावायचं! पॉलिश काय, डबीत तयार मिळतं. खुशामतीतही आपली मेहनत जास्त, हे कुणी लिहीत नाही.

हरभऱ्याच्या झाडाचंच घ्या. फोंडा-डिचोलीतल्या बहुतेकांनी हरभऱ्याचं शेत पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्यातली गंमत निसटते. ते झाड जेमतेम गुडघ्याइतकं. त्यावर चढलेल्याला तेवढं कळत नाही, बघणाऱ्यांना कळतं. हा शब्द वाकणाऱ्यांनी घडवलाय की हसणाऱ्यांनी?

माझं म्हणणं एवढंच आहे. हे शब्द खुशामतीची सवय दाखवत नाहीत, तिची चीड दाखवतात. 'मी चमचा आहे' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द कायम दुसऱ्यालाच. बहुजन नेते कांशीराम यांनी १९८२ साली, पुणे कराराला पन्नास वर्षं होताना, याच शब्दाची राजकीय संज्ञा केली: चमचा स्वतःहून हलत नाही, त्याला वापरणारा हात लागतो. आणि भाषेची निवड बघा. उकळत्या आमटीत बुडणारा, करवंटीचा, लांब दांड्याचा दवला कुणी शिवीत ओढला नाही. शिवी बसली ती ताटापर्यंत येऊन धन्याच्या ओठांना लागणाऱ्या चमच्याला. री ओढण्याचंही तसंच. वास्कोच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालतं, तिथे मागे बसून री ओढणं हे कष्टाचं आणि मानाचं काम. तेच पुढाऱ्याच्या सभेत केलं की शब्द बदलत नाही, तोंड वाकडं होतं.

उलट इथे कुठल्याही पदवीधराला 'सेन्योर डोतोर' म्हणायचं, मग त्याने आयुष्यात रोगी पाहिलेला नसो. अभियंता असेल तर 'सेन्योर एंजेन्येरु'. याला खुशामत म्हणत नाहीत, रीत म्हणतात. आपण पुढाऱ्याला 'भाई' म्हटलं की मात्र गुलामगिरी! (भाई म्हणणाऱ्या सगळ्यांना भाऊच अभिप्रेत असतो असा माझा दावा नाही.)

तरी एक कबूल करायला हवं. या शहरात परक्याला मिळणारी ग्राशा एकाच प्रकारची: 'किती छान पोर्तुगीज बोलता तुम्ही!' फिनांसासच्या, म्हणजे करकचेरीच्या, खिडकीत, फार्मसीत, लिफ्टमध्ये. वीस वर्षं राहिलेल्यालाही. जो इथला आहे त्याला असं कुणी म्हणत नाही. त्याच्या चुका काढतात. हे ठाऊक असूनही ऐकताना बरं वाटतं, अगदी त्या गुडघाभर झाडावर बसल्यासारखं.

पूर्वी यावर उतारा होता. गोव्यात उतरायचं, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठायचा. तिथे कुणी भाषेचं कौतुक करत नसे, सरळ भांडत. आता तिथलीही सुक्या मिरच्यांची विक्रेती ऐकून घेते आणि गोड हसून म्हणते, 'तुमी अजून बरी कोंकणी उलयतात हां!' आणि मग भाव सांगते, तो पाहुण्याचा.